वानगीची बशी

गुरुवारी आमच्या गल्लीत पाणी सुटतं. त्या सकाळी घरात दुसरा विषय नसतो. माझ्या एका हातात पाइप होता, दुसऱ्या हाताने मी चहा उतरवत होते, आणि माझी मुलगी मुग्धा गच्चीवरून ओरडत होती, "आई, मोटार बंद कर, टाकी वाहायलीय!" तेवढ्यात दारावर थाप पडली.

आमच्या दाराला बेल आहे. बेल असताना दार वाजवणारं माणूस माझ्या ओळखीत एकच. बेलने सगळं घर जागं होतं, थापेने जिचं काम आहे तीच येते, असं तिचं म्हणणं.

"ताराबाई?" मी पाइप पिंपात सोडला, मोटार बंद केली आणि दार उघडलं.

ताराबाईच होत्या. अंगावर धुवट साडी, हातात कापडी पिशवी, आणि कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे. ते पट्टे बघून मला कसंसंच झालं. गेल्या दीड वर्षात सकाळच्या वेळी ताराबाईंच्या कपाळावर मी विभूती बघितली नव्हती. ज्या दिवशी कामावर जायचं नसतं त्याच दिवशी त्या सकाळी विभूती लावतात.

"मुग्धाताई हायत का?"

"आहे की, वर आहे. आत या. चहा झालाच आहे."

"चहा नंतर. आधी एक ताट द्या वैनी. मोठं. सपाट बुडाचं."

ताट कशाला, ते सांगण्याआधी ताराबाई कोण हे सांगायला हवं.

तारामतीबाईंचं माहेर जळकोटजवळच्या एका खेड्यातलं. घरची शेती, पाच भावंडांत ही तिसरी. जन्मतारीख विचारली तर "बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्सांनी" असं सांगतात, म्हणजे आता पन्नाशी ओलांडलेली. लग्न होऊन लातूरला आल्या. नवरा धोंडप्पा, बाजार समितीत हमाली करायचा. आता पाठ धरली म्हणून वजनकाट्यावर बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची टिंगल करतो. लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा ताराबाई एका डाळ मिलमध्ये निवडायच्या कामाला लागल्या, आणि तिथे त्यांनी बावीस वर्षं काढली.

लातूरची तूरडाळ सगळ्या महाराष्ट्रात जाते, पण ती मिलमधून निघते तेव्हा पूर्वी कशी निघायची हे आता फार कुणाला आठवत नाही. उत्तरेच्या खिडक्यांखाली बायकांची ओळ बसायची. उत्तरेच्याच, कारण तिकडून ऊन थेट येत नाही, दिवसभर उजेड सारखा राहतो. समोर सूप, मांडीजवळ डबा. डाळीतून न फुटलेला दाणा, म्हणजे गोटा, वेगळा काढायचा. साल राहिलेला काढायचा. काळा पडलेला काढायचा. खडा तर काढायचाच. ताराबाई सांगतात, "दाना बगायचा न्हाई वैनी. दाना बगत बसलं तर सूपभर डाळीला दिवस जाईल. आक्ख्या सुपावर नजर पसरायची. जो येगळा हाय तो आपोआप टोचतो."

आणि ओळीच्या सुरुवातीला, सगळ्यांना दिसेल अशी, एक पांढरी चिनी मातीची बशी असायची. तिच्यात शेठने पसंत केलेली मूठभर डाळ. व्यापाऱ्याला दाखवलेली वानगी. नवं पोतं फोडलं की पहिली ओंजळ त्या बशीशेजारी धरायची, जुळली तर पुढे बसायचं. बायकांनी त्या बशीला नाव ठेवलं होतं, सासू. "सासूला इचार" म्हणजे बशीशी लावून बघ. कुणी गप्पांत रमलं की दुसरी म्हणायची, "सासू बगून राहिली गं." हे मला ताराबाईंनी हसत हसत सांगितलं होतं, आणि मीही हसून सोडून दिलं होतं. नंतर त्या बशीला एवढं महत्त्व येईल हे तेव्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

मग मिलमध्ये यंत्र आलं. वरून डाळ पाण्याच्या धारेसारखी खाली पडते, मध्ये कॅमेरा बसलेला असतो, काळा दाणा दिसला की बाजूने हवेचा झोत येतो आणि तेवढाच दाणा उडवतो. पहिल्या दिवशी सगळ्या बायका कामं टाकून बघायला उभ्या राहिल्या होत्या. "आमी चिमटीनं उचलायचो," ताराबाई म्हणतात, "त्ये फुंकर मारतंय. लई भारी मारतंय, खोटं कशाला बोलू." यंत्राचा राग त्यांना कधी आला नाही. वर्षभर त्यांना एकटीला यंत्राच्या मागे ठेवलं होतं, यंत्राने सोडलेलं पकडायला. मग यंत्रही सुधारलं, आणि एका दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांना बोलावणं आलं नाही.

त्यानंतर त्या उन्हाळ्यात घरोघर वर्षाचं धान्य निवडून द्यायच्या. तशा आमच्याकडे आल्या, आणि मग दरवर्षी येत राहिल्या. आमच्या व्हरांड्यात पाय पसरून बसायच्या, मी आतून बोलत राहायची. गहू निवडताना त्या माझ्याकडे बघून गप्पा मारायच्या आणि हात आपले खडे काढत असायचे.

आता मुग्धाचं सांगते. तिने नांदेडला इंजिनिअरिंग केलं, वर्षभर पुण्यात राहिली आणि परत आली. बरोबर शिकलेला अमरेश आणि ती, दोघांनी मिळून एमआयडीसीत एक शेड घेतलं. मी बी.कॉम. झालेली बाई, त्यातलं मला पोळ्या लाटताना ती जेवढं सांगते तेवढंच कळतं. ते असं. आपल्या टीव्हीच्या पडद्यामागे उजेड असतो आणि पुढे बारीक झडपा. झडपा उघडतील तसं चित्र दिसतं. मुग्धाच्या पडद्यात झडप नाही, मागे दिवा नाही. प्रत्येक ठिपका हाच एक दिवा. असे तीन लाख दिवे, सगळे हिरवे, करंगळीच्या नखाएवढ्या तुकड्यावर ओळीने बसवलेले. तो तुकडा चष्म्याच्या काडीत बसतो आणि चष्मा घालणाऱ्याला समोर हवेत अक्षरं दिसतात. मोठ्या यंत्राखाली वाकून काम करणाऱ्या मेकॅनिकला हात न सोडता नकाशा दिसावा, असा तो चष्मा. तुकडे बाहेरदेशातून येतात, लातूरला तपासले जातात आणि नांदेडला चष्म्यात बसतात. तिथलं काम रेणुकादास सर बघतात, ते मुग्धाचे कॉलेजातले शिक्षक.

तपासायचं म्हणजे काय, तर तीन लाखांतला कोणता दिवा पेटत नाही ते शोधायचं. त्याला ही मंडळी मेलेला ठिपका म्हणतात. शोधायला कॅमेऱ्याचं यंत्र आहे, पण ते धुळीच्या कणालाही मेलेला म्हणतं. एका तुकड्यावर शंभर खुणा करून ठेवतं, त्यातले खरे मेलेले चार. म्हणून माणसाने दुर्बिणीतून बघून ठरवायचं. अमरेशने दोन पदवीधर मुली ठेवल्या होत्या. तासाभरात त्यांचे डोळे पाझरायचे. एकीने महिन्यात सोडलं, दुसरीने लग्नाचं कारण सांगून.

दीड वर्षापूर्वीच्या एप्रिलमध्ये मुग्धा हेच रडगाणं गात व्हरांड्यात लॅपटॉप घेऊन बसली होती. ताराबाई शेजारी हरभरा निवडत होत्या.

"कशे दिसतेत ते ठिपके, बगू?" त्या म्हणाल्या.

मुग्धाने स्क्रीन वळवली. हिरव्या ठिपक्यांच्या ओळीच ओळी, आणि मधे मधे काळं.

"मूग पसरल्यावानी दिसायलंय," ताराबाई म्हणाल्या. मग हात न पुसता बोट दाखवलं. "ह्यो मेलेला. ह्यो नुसता कचरा. ह्योबी कचरा. ह्यो मेलेला."

मुग्धा माझ्याकडे बघायला लागली. "मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

"कचरा कुटंबी पडतो ना ताई. ह्याच्या अर्ध्यावर, त्याच्या अर्ध्यावर. मेलेला आपल्या जाग्यावरच मेलेला असतो."

मुग्धाने यादी काढून पडताळलं. चारही बरोबर होते. ती लॅपटॉप मांडीवर तसाच धरून म्हणाली, "आई, ह्यांना मी घेऊन जाते." मी म्हटलं, "हरभरा तरी होऊ दे."

अशा ताराबाई शेडमध्ये गेल्या. सुरुवातीला अडचणी झाल्या, पण मोठ्या नाहीत. आत जाताना पांढरा कोट, डोक्याला टोपी. मनगटाला एक पट्टा बांधायचा आणि त्याची वायर जमिनीशी जोडलेली, म्हणजे अंगातली बारीक वीज तुकड्याला लागू नये. बांगड्या उतरवणार नाही म्हणाल्या, तर मुग्धाने त्या कोपरापर्यंत सारून वर घट्ट बाही चढवून दिली. तिसऱ्या दिवशी तुकड्यांवर राखाडी भुकटी सापडायला लागली. कुठून येते कळेना. अमरेशने एसी साफ करून घेतला, फरशी दोनदा पुसून घेतली. शेवटी दुर्बिणीतून स्वतः ताराबाईंनीच ती ओळखली. "अवो, ही तर माजी इबूती हाय!"

अंघोळीनंतर कपाळाला विभूती लावल्याशिवाय त्या पाणी पीत नसत. अमरेश संकोचला, त्याला सांगवेना. ताराबाईंनीच तोड काढली, सकाळची विभूती संध्याकाळी. धोंडप्पाला हे सांगितलं तेव्हा तो काट्यावर बसून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला, "देवाला सांगून ठेवलंय, आमची बाई आता शिप्टमदी येती, दिवस मावळल्यावर भेटा."

दीड वर्षात ताराबाईंनी पास केलेला एकही तुकडा परत आला नव्हता. प्रत्येक तुकड्याच्या पाकिटावर चिठ्ठी असते आणि तिच्यावर त्या 'ता' असं एकच अक्षर काढतात. नांदेडला म्हणे त्या अक्षराकडे बघूनच पाकीट उघडायचे.

आणि गेल्या आठवड्यात त्याच 'ता'ची बारा पाकिटं परत आली.

रेणुकादास सरांचा फोन आला तेव्हा मुग्धा घरीच जेवत होती. फोन स्पीकरवर नव्हता तरी मला ऐकू येत होता. "अगं, एका डोळ्याला नवा तुकडा बसवला, दुसऱ्याला जुना. चष्मा घालून माणूस गरगरला! एक बाजू दिवाळी आणि एक बाजू लोडशेडिंग! तुमच्याकडे बघतं कोण?"

हे तुकडे एका मोठ्या तबकडीतून कापून काढतात, आणि ते बारा एकाच तबकडीतले होते. त्यांत मेलेला ठिपका जवळजवळ नव्हताच. पण सगळेच्या सगळे तीन लाख दिवे मंद होते. सारखेच मंद.

अमरेश स्वभावाने वाईट नाही. त्याने जे केलं ते कुणीही केलं असतं. तो म्हणाला, "मावशी, तुमचं वय झालंय, मोतीबिंदू असेल. तपासून घ्या. तोवर घरी आराम करा." यंत्रानेही तेच बारा तुकडे चांगले म्हणून सोडले होते, पण यंत्राला कुणी आराम कर म्हणालं नाही. मुग्धाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी काय म्हटलं, तेही लिहिते. मी म्हटलं, "असेलही गं. पन्नाशीनंतर मलाच सुई ओवता येत नाही." ताराबाई माझ्याच व्हरांड्यातून त्या कामाला गेल्या होत्या, आणि त्यांची बाजू घ्यायच्या वेळी मी सुईवर गेले.

हे सगळं माझ्या डोक्यात होतं, म्हणून गुरुवारी सकाळी ताट देताना माझी मान वर होत नव्हती.

ताराबाईंनी पिशवीतून आधी एक कागद काढला. डोळ्यांच्या दवाखान्याचा. "वाचा," म्हणाल्या. जवळचा चष्मा आहे तोच ठीक, मोतीबिंदू नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं.

"अहो ताराबाई, हा कागद आता मुग्धाला दाखवला की झालं."

"कागदानं काय व्हतंय? चूक झालीय ती झालीच हाय. बारा तुकडे मीच सोडले. 'ता' माजाच हाय त्यावर." त्यांनी पिशवीतून एक पुडी काढली आणि ताटात मूठभर तूरडाळ ओतली, बोटांनी पसरली. "आता सांगा. कशी हाय?"

मी चष्मा लावून वाकून बघितलं. एकसारखी डाळ. काळा दाणा नाही, गोटा नाही, चुरा नाही. "छान आहे की. निवडलेली दिसते."

"घेताव?"

"घेईन."

तेवढ्यात मुग्धा केस पुसत जिना उतरून आली. ताराबाईंना बघून ती जिन्यावरच थांबली. "मावशी..."

"या, तुमीबी बगा. ही डाळ कशी हाय?"

"मावशी, मला ऑफिसला..."

"हापिसचंच हाय. बगा."

मुग्धाने बघितलं. "चांगली आहे."

ताराबाईंनी दुसरी पुडी सोडली आणि पहिल्या डाळीच्या शेजारी, मधे दोन बोटं जागा सोडून, ओतली.

मला काय झालं कसं सांगू. पहिली डाळ आमच्या डोळ्यांदेखत काळवंडली. दुसरी केशरासारखी पिवळी, आणि तिच्या शेजारी पहिली म्हणजे जुन्या वर्तमानपत्राचा रंग. दोन मिनिटांपूर्वी मी तिला छान म्हटलं होतं.

"ही परवाच्या साली डब्यात राहिलेली," ताराबाई पहिल्या ढिगावर बोट ठेवून म्हणाल्या, "आन् ही औंदाची. एकली असली की जुनी वळखू येत न्हाई. समदे दाने सारकेच जुने, मग येगळा कोन हाय टोचायला? मी बावीस वर्सं येगळा दाना हुडकायला शिकले. तुमच्या बारा तुकड्यात येगळं कुनीच नव्हतं ताई. समदे मिळून मंद. माजी नजर घसरून गेली."

पाइप पिंपातून बाहेर पडून अंगणभर पाणी होत होतं. मला दिसत होतं, पण उठवेना.

मुग्धा ताटासमोर उकिडवी बसली. एकदा या ढिगाकडे, एकदा त्या. मग म्हणाली, "कॅमेरा पण..." आणि पुढचं वाक्य तिने अमरेशला फोन लावूनच पूर्ण केलं. "अमरेश, कॅमेऱ्याचं एक्स्पोजर ऑटोवर आहे का? ... आहे ना? मी येतेय. ते बारा परत आलेले बाहेर काढून ठेव."

"चला मावशी. गाडी काढते."

"वैनी, तुमीबी चला," ताराबाई म्हणाल्या. का, ते बोलल्या नाहीत. मी नळ बंद केला, पातळ बदललं आणि निघाले. दाराबाहेर पडण्याआधी ताराबाई आमच्या बेसिनपाशी गेल्या आणि साबण लावून कपाळ स्वच्छ धुतलं.

शेडमध्ये मी पहिल्यांदाच आत गेले. मलाही कोट आणि टोपी. आरशात बघितलं तर मी कुणाचं तरी ऑपरेशन करायला निघाल्यासारखी दिसत होते. अमरेश दारातच उभा होता, ताराबाईंकडे सरळ बघत नव्हता.

"काकू, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

"मी काही करत नाही, बघायला आलेय," मी म्हटलं.

मुग्धाने परत आलेल्यांतला एक तुकडा दुर्बिणीखाली पेटवला. स्क्रीनवर हिरव्या ओळी आल्या, स्वच्छ, भरदार. मी दीड तासापूर्वी डाळ बघितली होती तशाच. मग तिने तो काढून जुना चांगला तुकडा ठेवला. तशाच ओळी. काहीही फरक नाही.

"आता बघ," ती अमरेशला म्हणाली. तिने कॅमेऱ्याचं ते ऑटो बंद केलं आणि दोन्ही तुकडे एकाच वेळी, शेजारी शेजारी ठेवले.

डावीकडचा चांगला तुकडा झगझगला. उजवीकडचा कुणी पदर टाकावा तसा.

अमरेशने वाकून दोन्हींवरून नजर फिरवली. मग माझ्याकडे वळून, जणू मलाच उत्तर द्यायचं होतं असं, म्हणाला, "काकू, कॅमेरा आपणहून उजेड जुळवून घेतो. समोरचं मंद असलं की तो डोळा जास्त उघडतो. त्यामुळे त्याला मंद दिसतच नाही."

"मानसाचा डोळाबी तसाच हाय," ताराबाई मागून म्हणाल्या. "अंधारात पाच मिन्टं बसलं की दिसाया लागतंय. म्हंजे त्या यंत्रापाशीबी सासू न्हाई, आन् माज्यापाशीबी न्हाई."

"सासू?" अमरेश गोंधळला.

मी हसले. मुग्धालाही माहीत नव्हतं, म्हणून मी तिथेच उभ्या उभ्या त्या पांढऱ्या बशीची गोष्ट सांगितली. उत्तरेची खिडकी, बायकांची ओळ, आणि नव्या पोत्यातली पहिली ओंजळ त्या बशीशेजारी धरायची ते. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की दीड वर्षापूर्वी हे मी मुग्धाला सांगितलं असतं तर बारा तुकडे नांदेडला गेलेच नसते. घरातल्या गप्पा म्हणून मी त्या सोडून दिल्या होत्या.

"मिलमदी शेठ लई खडूस होता," ताराबाई म्हणाल्या, "पर वानगी ठेवल्याबिगर पोतं फोडू द्यायचा न्हाई. हितं मी आले तवा वाटलं, मोठ्या शिकलेल्या लोकांचं काम हाय, हितं लागत नसंल. म्हनून इचारलं न्हाई. ती माजी चूक."

अमरेशने टोपी काढली, परत घातली. "मावशी, चूक तुमची नाही. मी मोतीबिंदूचं नाव घेऊन मोकळा झालो." मग त्याने तिथूनच रेणुकादास सरांना फोन लावला, आणि या वेळी स्पीकरवर. त्याने सगळं सांगितलं, कॅमेऱ्याचं आणि डाळीचंही.

"म्हणजे यंत्र आणि बाई दोघं एकाच खड्ड्यात पडले," सर म्हणाले. "आणि खड्डा दाखवला बाईंनी?"

"हो सर."

"मग घरी कुणाला बसवलंय?"

ताराबाई हसून तोंडावर पदर घ्यायला गेल्या, पण पदर कोटाच्या आत होता, त्यामुळे हाताने कोटाची कॉलरच तोंडापर्यंत आली.

फोन ठेवल्यावर अमरेशने स्वतः त्यांचं स्टूल पुढे ओढलं. मनगटाचा पट्टा खुंटीवरून काढून त्यांच्या हातात दिला. मग म्हणाला, "मावशी, सांगा तुम्हाला काय पाहिजे ते. वेळ कमी करायचा? खुर्ची बदलून देऊ? मदतीला एखादी मुलगी ठेवू? मोकळेपणाने सांगा."

ताराबाईंनी पट्टा बांधला. वायर जमिनीच्या खिळ्याला लावली, ओढून बघितली. बांगड्या वर सारल्या. खुर्चीकडे बघितलंही नाही.

"त्यातलं काय नको," त्या म्हणाल्या. "तुमी समद्यांनी पसंत केलेला एक चांगला तुकडा रोज सकाळी माज्या शेजारी पेटवून ठेवा. माजी सुट्टी व्हईस्तोवर त्यो कुनी इजवायचा न्हाई. तेवढं करा."